टोपणनाव 'जाई' पक्कं आहे, कागदावरचं नाव कोणतं घ्यावं?

काठावरची
मुलीला घरात 'जाई' म्हणायचं, यावर दोन्हीकडची मंडळी एका मताची आहेत. अडलंय ते कागदावरच्या नावापाशी. सध्याची यादी: जान्हवी, जयश्री, गिरिजा, अनुजा, जिजाई, नाहीतर सरळ 'जाई'च. अपेक्षा एवढ्याच की 'मग हिला जाई का म्हणता?' हे प्रत्येकाला समजावत बसायला लागू नये, पन्नाशीतही नाव शोभावं आणि रोमन लिपीत त्याचं भलतंच काही होऊ नये. पहिलं मूल आहे. अर्थ बघून सुचवा, नुसतं आद्याक्षर जुळवून नको.

अर्धविराम
यादीतली निम्मी नावं 'ज'पाशीच गळतात. मराठीत 'ज' दोन आहेत. 'जग, जाळं, जुना' यांतला दातांजवळचा आणि 'जय, जीव, जेवण' यांतला टाळूजवळचा. अक्षर एकच असल्यामुळे यादी कागदावर जुळलेली दिसते आणि तोंडात फसते. फुलाच्या 'जाई'तला ज 'जाळं'सारखा, जयश्रीतला 'जय'सारखा. जयश्रीची आपोआप 'जयू' होईल, 'जाई' होणार नाही. 'जानकी', 'जान्हवी' यांचा ज घराघरांत वेगळा ऐकू येतो, तेव्हा तुमच्या घरातल्या चार जणांना 'जाई, जान्हवी, जाई, जान्हवी' असं सलग दहा वेळा म्हणायला लावा. जीभ जागा बदलत असेल तर ते टोपणनाव त्या नावाचं नाही.

गिरिजा, अनुजा यांतला '-जा' म्हणजे 'जन्मलेली'. तो संस्कृतातून जसाच्या तसा आलाय, ज टाळूचाच. शिवाय अनुजा म्हणजे नंतर जन्मलेली, धाकटी बहीण. पहिल्या मुलीला हे नाव ठेवलं तर थोरली कुठे आहे असा प्रश्न येतोच. (उलट पूर्वजा म्हणजे थोरली, ते चाललं असतं, पण 'पूर्वज' ऐकू येतं.) तनुजा आणि आत्मजा म्हणजे फक्त मुलगी, क्रमाचा प्रश्न नाही, पण 'जाई'पर्यंत तीही पोचत नाहीत.

तुमच्या यादीत आवाजाने खरं जुळणारं एकच: जिजाई. पहिला ज इकारामुळे टाळूचा, दुसरा थेट 'जाई'तलाच. आपल्याकडे टोपणनाव बहुतेक पुढच्या तुकड्यावरून पडतं (गणेशचा गणू, विनायकचा विनू, शकुंतलाची शकू), पण मागचा तुकडा उचलण्याची रीतही रुळलेली आहे: सदानंदचा नंदू, चंद्रशेखरचा शेखर. जिजाईची जाई त्याच वळणाची.

कंसातला_माणूस
रोमन लिपीचं सांगतो. 'जाई' जर जे-ए-आय असं लिहिलं तर वाचणारा 'जय' वाचणार आणि फॉर्मवर मुलगा समजणार. जे-ए-ए-आय लिहिलं तर बरं, पण दुसरा 'ए' प्रत्येक खिडकीवर तोंडाने सांगावा लागतो. दातांजवळचा ज दाखवायला काही जण झेड घालतात. ते नकोच, 'झाई' वाचतील. जिजाईलाही हीच भानगड, शेवटी दोन 'ए' हवेत.

जान्हवी तर स्पेलिंगचं जंगल आहे. मूळ शब्द जाह्नवी, बोलताना जान्हवी. म्हणजे एच आधी की एन आधी, मधला 'ए' ठेवायचा की गाळायचा, शेवटी आय की दोन ई. एवढ्यातच आठ रूपं झाली. जन्मदाखल्यावर जे पडेल तेच पुढे प्रत्येक कागदावर, अक्षर न अक्षर तसंच ठेवणार असाल तरच घ्या.

वेलांटी
आवाजाच्या मागे सगळे लागले, पण प्रश्नात अर्थ मागितलाय. 'जाई' हे कशाचं संक्षिप्त रूप नाही, तो पूर्ण शब्द झिजून झालेला आहे. संस्कृत 'जाति', मधला त गळून प्राकृतात 'जाइ', मग आपली 'जाई'. जातिफलाचं जायफळ झालं तसंच. आता 'जाति' हे मूळ रूप मुलीला ठेवता येणार नाही, ते उघड आहे. पण अमरकोशात त्याच फुलाला आणखी दोन नावं दिली आहेत: सुमना आणि मालती. म्हणजे कागदावर मालती किंवा सुमना आणि घरात जाई, हे एकाच फुलाचं पुस्तकी नाव आणि बोलीतलं नाव. आवाज जुळत नाही, पण कारण एका वाक्यात सांगता येतं आणि ते खरं असतं. (टोपणनाव 'जुई' असतं तर काम अजून सोपं होतं. यूथिका हे तिचं मूळ रूप, आरंभीच्या य चा ज झाला, यात्राची जत्रा झाली तसा. आवाज आणि अर्थ दोन्ही एकदम.)

दोघींत कोण? मालती गोड आहे, पण तीन अडचणी. लोक तिला मधुमालती समजतात, ती निराळी वेल. बोलताना 'माल्ती' होत असल्यामुळे रोमनमध्ये मधला 'ए' कधी असतो, कधी नसतो. आणि वर्गात तिचं पहिलं अक्षर-दीड अक्षर उचलून 'माल' करतील. वयात आलेल्या मुलीला तो शब्द ऐकावा लागू नये. घरातलं नाव तुम्ही ठरवता, वर्गातलं वर्ग ठरवतो.

सुमनाला दुसरा अर्थही आहे: चांगल्या मनाची. खोट एकच, लिहिणारे शेवटचा काना खातात आणि 'सुमन' करतात.

काठावरची
सुमना डोक्यातच आलं नव्हतं! 'माल'चा मुद्दा पटला, मालती बाद. मग दोन्ही कागदावर घेतलं तर? 'सुमना जाई' असं दोन शब्दी, म्हणजे जाई कायद्यानेही तिचंच राहील.

कंसातला_माणूस
करू नका. यंत्राने वाचायच्या पासपोर्टच्या तळाशी दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ जागांच्या. वरच्या ओळीतल्या पहिल्या ५ जागा कागदाचा प्रकार आणि देश यांना जातात, नावाला उरतात ३९. त्यात आडनावानंतर दोन भरतीची चिन्हं (<) आणि पुढच्या प्रत्येक दोन नावांच्या मध्ये एक. वडिलांचं नावही त्यातच बसवायचं असेल तर 'जाई'ची चार अक्षरं आणि एक चिन्ह मिळून ५ जागा जादा लागतात. मावलं तरी त्रास वेगळाच आहे: विमानाच्या तिकिटावर दोन शब्द बऱ्याचदा चिकटून छापले जातात आणि काही फॉर्म 'पहिलं नाव' म्हणून फक्त पहिला शब्द उचलतात. एका कागदावर सुमना, दुसऱ्यावर सुमनाजाई आणि मग दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र.

'सुमन' होण्यावर उपाय: पहिला दाखला हातात आल्या आल्या शेवटचा 'ए' आणि काना दोन्ही तपासायचे. दुरुस्ती तिथेच सोपी असते. एकदा तीन-चार कागदांवर 'सुमन' गेलं की कोणता कागद मूळ धरायचा यावरच वेळ जातो.

नुसताच_वाचक
'जाई'च कागदावर ठेवावं असं म्हणणारे येतील, म्हणून आधीच. 'जाई' हे 'जाणे'चं जुन्या वळणाचं रूपही आहे: ती रोज शाळेत जाई. त्यामुळे 'जाई शाळेत जाई' असली वाक्यं तिच्या पाठीशी लागणार. हाक मारूनही बघा. दुसऱ्या खोलीतून 'जाई' आणि 'आई' यांत फरक फक्त ज चा, आणि दार लोटलेलं असलं की तोच आधी हरवतो. टोपणनाव म्हणून हे सगळं चालतं, घरच्यांना सवय होते.

टोपणनाव टिकेल की नाही याची हमी मात्र धरू नका. लोकमान्य टिळकांचं नाव केशव, पण घरातलं 'बाळ' असं चिकटलं की बाळ गंगाधर हेच नाव झालं. झाशीच्या राणीचं लहानपणीचं नाव मणिकर्णिका, तिची 'मनू' मात्र लहानपणापुरतीच राहिली. दोन्ही बाजूंनी विचार करून नाव निवडा: उद्या 'जाई' गळून पडली तर नुसती सुमना चालेल ना, आणि सगळं गाव 'जाई'च म्हणू लागलं तर तेही चालेल ना?

अर्धविराम
सुमनाला माझाही होकार. एक बारकी गोष्ट तेवढी घरात ठरवून टाका. 'सुमनाला, सुमनाचा' म्हणायचं की 'सुमनेला, सुमनेचा'? आकारान्त स्त्रीलिंगी नामाचं व्याकरणातलं सामान्यरूप एकारान्त होतं (शाळा, शाळेला), पण माणसांची नावं आता बहुतेक जण तशीच ठेवतात. जुन्या वळणाची आजी 'सुमनेला' म्हणणारच. तिला दुरुस्त करू नका, कानाला तेच जास्त गोड लागतं.

काठावरची
आजीच नव्हे, आजोबाही 'सुमनेला' म्हणणारे आहेत. जिजाई दुसऱ्या क्रमांकावर ठेवते. आज रात्री दोन्ही नावं आडनावासकट वीस वेळा मोठ्याने म्हणून बघणार, दार लोटून.