नवोदयचं वेळापत्रक आणि सहावीतला अभ्यास : दहा वर्षांच्या मुलीला झेपेल का?

मळ्यातली

नमस्कार. माझ्या मुलीची यंदा जवाहर नवोदय विद्यालयात, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत, सहावीसाठी निवड झाली. आख्ख्या जिल्ह्यातून ८० मुलं घेतात, त्यात तिचं नाव आलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजींनी स्वतःच्या खिशातून पेढे वाटले. दोन वर्षं ती निवड परीक्षेसाठी बुद्धिमत्तेच्या आकृत्या सोडवत बसायची, चुलीपाशीसुद्धा.

परवा कागदपत्रं तपासायला गेलो, तेव्हा तिथल्या वेळापत्रकाचा फोटो काढून आणला. सव्वापाचला घंटा, साडेपाचला पी.टी., सव्वासातला नाश्ता, ८ ते १.४० वर्ग. मग जेवण. ३ ते सव्वाचार अभ्यास, नंतर खेळ, ६ ला हजेरी, साडेसहा ते आठ पुन्हा अभ्यास, जेवण, पावणेनऊ ते पावणेदहा आणखी अभ्यास आणि १० ला दिवे बंद. मी वहीत बेरीज केली. वर्ग सोडून नुसता अभ्यासच पावणेचार तास होतो आणि झोपेला उरतात सव्वासात तास. आत्ता ती रात्री नऊला झोपते, सकाळी साडेसहाला मी उठवते.

तिचं अक्षर सुंदर आहे, पण लिहिते सावकाश. पाचवीपर्यंत सगळं मराठीत शिकलेली. तिला रोजचा गृहपाठ पुरा करता येईल का? अडलं तर विचारायचं कुणाला? तिचे बाबा म्हणतात, अशी संधी पुन्हा येत नाही, पाठवायचंच. सासूबाई एकच विचारतात, तिची वेणी कोण घालणार? दोघांचंही मला पटतं. जे तिथे राहिले आहेत किंवा ज्यांची मुलं तिथे आहेत, त्यांनी कृपया सांगा.

पेटी क्रमांक ४३

ताई, आधी मुलीचं अभिनंदन. मी १९९८ ते २००५, सहावी ते बारावी, मराठवाड्यातल्या एका नवोदयमध्ये होतो. आता पशुवैद्यक आहे. तुमचं वेळापत्रक वाचताना घंटेचा आवाजच कानात आला, इतकं ते आमच्यासारखं आहे.

तुमची बेरीज बरोबर आहे, फक्त एक तास निसटला. दुपारचं जेवण झाल्यापासून तीनपर्यंतचा. वेळापत्रकात तिथे 'विश्रांती' लिहिलेलं असेल. माझं सहावीचं पहिलं सत्र त्या एका तासापायी बिघडलं आणि त्याच तासाने ते सावरलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी शेतकऱ्याच्या घरातला. दिवसा झोपणं म्हणजे आजारी असणं, एवढंच मला ठाऊक. शिवाय दुपारी नळ मोकळे असायचे. सकाळी एका नळावर आठ बादल्या लागायच्या, दुपारी एकही नाही. म्हणून मी दुपारी कपडे धुवायचो. कपडे नसले की उरलेलं लिखाण काढायचो. मला वाटायचं, मी इतरांच्या पुढे चाललोय. मग तीनचा अभ्यास, त्यानंतर सव्वा तास कबड्डी, आंघोळ, हजेरी. साडेसहाला स्टडीत बसलो की सातच्या आत मान खाली. ड्युटीवरचे सर उभं करायचे. उभ्या उभ्या मी शेजाऱ्याच्या वहीतलं उतरवून घ्यायचो. वही रोज पूर्ण, लाल शाईची सही रोज. ऑगस्टच्या चाचणीत गणितात २५ पैकी ७.

आमच्या हाऊसमास्तरांनी, म्हणजे वसतिगृहात आमच्या गटाची जबाबदारी असलेल्या शिक्षकांनी, तो पेपर हातात घेतला आणि गणिताबद्दल एक शब्द काढला नाही. विचारलं, "दुपारी काय करतोस?" मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्यांनी माझी बादली उचलून स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवली. म्हणाले, कपडे रविवारी सकाळी आणि बुधवारी खेळानंतर, बादली तेव्हाच मिळेल. दुपारी झोपायचं, झोप आली नाही तर डोळे मिटून पडायचं. पुढचे तीन आठवडे ते दुपारी डॉर्मिटरीत चक्कर मारून माझ्या अंगावरची चादर बघून जायचे. दिवाळीच्या आधी मी सातच्या पुढे जागा राहायला लागलो होतो, आणि वहीतलं लिखाण माझं स्वतःचं होतं.

या वयाच्या मुलांना रात्रीची निदान नऊ तास झोप हवी असं डॉक्टर सांगतात, आणि तिथे ती मिळत नाही, हे मी लपवणार नाही. दुपारच्या तासाने ती पुरती भरून निघत नाही, पण संध्याकाळ वाचते. म्हणून मुलीला एवढं एकच पक्कं सांगून पाठवा, की दुपारी झोप. मैत्रिणी गप्पा मारत असल्या तरी, गृहपाठ राहिला असला तरी.

आता गृहपाठाचं. तिथे "घरून करून आणा" असं कुणी म्हणू शकत नाही. "स्टडीत करा" म्हणतात. त्यामुळे कामाला हद्द असते. सहावीत रोज तीन-चार विषयांचं लिखाण असायचं आणि संध्याकाळच्या दीड तासात ते बसायचं. मी पुढे एक क्रम धरला. ड्युटीवर गणिताचे किंवा विज्ञानाचे सर असतील त्या दिवशी तो विषय आधी, कारण अडलं तर उठून विचारता येतं. कविता, शब्दार्थ, सनावळ्या रात्रीच्या तासाला, कारण तेव्हा हात दुखत असतो आणि डोकं पाठांतरापुरतं चालतं. सावकाश लिहिणाऱ्यांची अडचण मला माहीत आहे, माझ्या शेजारचा मुलगा तसाच होता. तो प्रश्न उतरवून घेत नसे, नुसता क्रमांक घालून उत्तर लिहायचा. सरांना आधी विचारून घेतलं होतं, सरांनी हरकत घेतली नाही.

मराठीची काळजी मात्र पहिले चार महिने खरी आहे. पुस्तकं एनसीईआरटीची. सुरुवातीच्या इयत्तांत शिक्षक मराठीत समजावतात, पुढे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि सामाजिक शास्त्रं हिंदीत जातात. मला अपूर्णांक उत्तम यायचे, पण 'डिनॉमिनेटर' म्हणजे आपला छेद हे कळायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मी स्वतःला मठ्ठ समजत होतो. म्हणून जूनच्या आत एका छोट्या वहीत तिला हे शब्द जोडीने लिहायला लावा : छेद-डिनॉमिनेटर, परिमिती-पेरिमीटर, लसावि-एलसीएम. शंभर शब्द पुरतात. गणित तिला येतंच, नाहीतर निवड झाली नसती.

उदयगिरीची

आजींना सांगा, वेणी आम्ही एकमेकींना घालायचो. पी.टी.नंतर डॉर्मच्या पायऱ्यांवर एकामागे एक बसायचो, प्रत्येकीच्या हातात पुढचीचे केस. सर्वांत मागे बसायची पाळी दररोज बदलायची, कारण तिची वेणी शेवटी धावतपळत व्हायची. सहावीतल्या मुलींना नववीच्या ताया महिनाभर शिकवतात. लांब केस असतील तर खांद्यापर्यंत कापून पाठवा. सुंदर दिसतात म्हणून ठेवू नका, सकाळची पंधरा मिनिटं वाचतात आणि ती पंधरा मिनिटं फार मोलाची असतात.

पाळी तिथेच सुरू झाली तर काय, हे तिला तुम्ही स्वतः आधी सांगून ठेवा. मुलींची काळजी घेणाऱ्या मेट्रन असतात, पण आईने सांगितलेलं असलं की मुलगी घाबरत नाही. माझ्या आईने सांगितलं नव्हतं.

आठवीचा बाप

माझा मुलगा आठवीत आहे. रोजच्या अभ्यासाचं वर लिहिलंय ते खरं. आमच्या घरी खरा ताण येतो तो सुट्टीच्या गृहपाठाचा. दिवाळीला फटाक्यांच्या ओढीने पोरगा येतो आणि सोबत पेटीत सात विषयांची यादी. पहिल्या वर्षी आम्ही म्हटलं, आधी चार दिवस आराम कर. भाऊबीजेच्या रात्री अकरा वाजता मी तक्त्यावर पानाचा छेद काढत होतो आणि त्याची आई निबंध सांगत होती. आता पहिल्याच दिवशी यादी भिंतीला लावतो, रोज सकाळी दीड तास, म्हणजे तिथल्या स्टडीएवढाच. त्याला तेवढ्या वेळेची सवय असते, कुरकूर करत नाही.

आणि भेटीच्या रविवारी वह्या तपासू नका. मी वर्षभर तपासल्या. मग तो मला बघून आनंदाने धावत येईनासा झाला. आता डबा, दोन लिंबं आणि बहिणीने लिहिलेली चिठ्ठी घेऊन जातो.

परत आलेला

वेगळा अनुभवही इथे असावा म्हणून लिहितो. मला ते झेपलं नाही. मी सातवीच्या मध्यात घरी परत आलो. मारहाण नाही, उपासमार नाही, शिक्षक चांगले होते. पण दिवसभरात एक मिनिटसुद्धा एकट्याचं नसायचं. झोपताना चाळीस जण, जेवताना पाचशे, अभ्यासाला वर्ग भरून. मला एकटं बसल्याशिवाय वाचलेलं डोक्यात उतरत नाही. मी संडासात पुस्तक घेऊन बसायचो. घरी आई-वडिलांनी एकदाही "जागा घालवलीस" म्हटलं नाही, म्हणून गावच्या शाळेत पुन्हा उभा राहिलो. ताई, मुलीला पाठवा, पण परत यायची वाट उघडी आहे हे तिला तोंडाने सांगा.

निवृत्त गणित शिक्षक

मी नवोदयमध्ये २२ वर्षं शिकवलं, त्यातली १४ हाऊसमास्तर म्हणून. आमची घरं त्याच आवारात असतात, त्यामुळे अडलेलं मूल रात्री साडेनऊलाही दार वाजवू शकतं. पण सहावीचं मूल वाजवत नाही. ते लाजतं. म्हणून मी पहिल्या महिन्यात प्रत्येकाला काहीतरी निमित्ताने माझ्या ओट्यावर पाठवायचो, कधी वर्तमानपत्र आणायला, कधी किल्ली द्यायला. एकदा दार बघितलं की पुढे येतं. तुमच्या मुलीला सांगा, पहिल्या आठवड्यातच हाऊसमास्तरांचं किंवा मॅडमचं घर बघून ठेव.

पालक नववीचा विचार आत्ता करत नाहीत, म्हणून सांगून ठेवतो. नववीत सुमारे ३० टक्के मुलांना वर्षभरासाठी हिंदी भाषक राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात आणि तिकडची मुलं इकडे येतात. तिथे सामाजिक शास्त्र हिंदीतून. जी मुलं सहावी-सातवीत हिंदीचं लिखाण टाळतात, त्यांना ते वर्ष जड जातं. सहावीच्या वेळापत्रकात हिंदीचा तास हलका वाटतो, तो हलका घेऊ नये.

'परत आलेला' यांनी लिहिलं ते अगदी खरं आहे. अशी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्यासाठी मी ग्रंथालयाची मागची खिडकी रविवारी उघडी ठेवायला सांगायचो. सगळ्यांना ते पुरलं नाही.

मळ्यातली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं मी मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाईंनी वेणीचं दोनदा वाचायला लावलं, मग स्वतः म्हणाल्या, केस कापून आणा. परत यायच्या वाटेबद्दल मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं, पण तू सांगितलंस ते बरं केलं."

आजपासून तिला दुपारी झोपवायला सुरुवात केली. पडून राहते, डोळे उघडेच. तो नववीचा नियम मला माहीतच नव्हता, तिच्या बाबांनाही नाही. हिंदीची वही आजच आणली. पेटी क्रमांक ४३, एक विचारते. सामानाची यादी मिळाली आहे, पण यादीत नसलेलं काय द्यावं?

पेटी क्रमांक ४३

डोळे उघडे राहतात तर राहू द्या, पंधरा दिवसांत मिटतील.

सामान. पेटीला दोन किल्ल्या, त्यातली एक हाऊसमास्तरांकडे द्या, गळ्यातली हरवतेच. सुईदोरा आणि शर्टाची सहा बटणं. नायलॉनची दोरी चार मीटर, वाळत घालायला. पोस्टकार्डं, पत्ता आधीच लिहून. फोनवर बोलायची पाळी येईपर्यंत रडू येऊन जातं आणि मग "बरी आहे" एवढंच बोललं जातं, पत्रात मुलं खरं लिहितात. माझी आई वाचू शकत नव्हती, शेजारच्या काकू तिला वाचून दाखवायच्या, तरी मी लिहायचो.

आणि बादलीवर तिचं नाव ऑइलपेंटने लिहा, बाहेरून आणि तळालाही. मार्करचं महिन्यात जातं.