तुटलेली तार कोणी सांधायची, साइडरनं की यंत्रानं?

फिटर
सोलापूरजवळच्या एका सूतगिरणीत मी एकोणीस वर्षं मेन्टेनन्सला आहे. माझं मत आधीच सांगतो. रिंग फ्रेमवर तुटलेली तार सांधायचं काम यंत्राकडे गेलं पाहिजे, आणि आपल्याकडे ते लवकर यायला हवं.

ज्यांनी रिंग खातं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रिंग फ्रेम म्हणजे कापसाला पीळ देऊन सूत काढणारं यंत्र, तार म्हणजे त्यातून निघणारा सुताचा धागा, आणि तुटलेल्या तारा सांधत फिरणारी कामगार म्हणजे साइडर. एका फ्रेमवर हजार-बाराशे चात्या, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या फिरत्या काठ्या, असतात आणि प्रत्येक चाती मिनिटाला पंधरा हजार फेरे घेते. तार तुटली की रोलरमधून येणारा कापूस खालच्या सक्शनच्या नळीत जायला लागतो, आणि साइडर तिथं पोचेपर्यंत जातच राहतो. ती येते, चातीला ब्रेक लावते, बॉबिनवर हरवलेलं टोक शोधते, नखापेक्षा लहान अशा ट्रॅव्हलर नावाच्या फिरत्या कडीखालून ते घेते, वरच्या कडीतून ओवते आणि पुढच्या रोलरमधून येणाऱ्या तंतूंना अलगद लावून देते. हात बसलेली बाई हे दहा-बारा सेकंदांत करते. मग पुढची तार, मग त्याच्या पुढची. आठ तास चालत राहायचं. हवा कोरडी झाली की तारा जास्त तुटतात, म्हणून खात्यात मुद्दाम दमटपणा ठेवतात. मे महिन्यात बाहेर त्रेचाळीस अंश असताना आत काय होत असेल ते तुम्हीच ठरवा. वर कानठळ्या बसवणारा आवाज आणि नाकातोंडात तंतू.

2019 साली बार्सिलोनाच्या प्रदर्शनात रीटर कंपनीनं रोबोस्पिन नावाचा रोबो मांडला. फ्रेमच्या दोन्ही बाजूंना एकेक. कुठली चाती तुटली ते सेन्सर सांगतो, रोबो तिथं जातो आणि वर सांगितलेलं सगळं काम स्वतः करतो. ओपन-एंड मशिनवर, म्हणजे चातीऐवजी फिरत्या रोटरमध्ये सूत कातणाऱ्या यंत्रावर, तर 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून यंत्रच तार सांधतंय. तिथं ते सोपं आहे, कारण टोक नळीतून परत रोटरमध्ये सोडलं की तंतू त्याला येऊन चिकटतात. रिंगवर टोक शोधायचं आणि ट्रॅव्हलर ओवायचा, एवढ्याचसाठी इतकी वर्षं गेली. आता जमलंय तर बायकांना कशाला चालवायचं?

रातपाळी
दादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण "बायकांना कशाला चालवायचं" हे वाचून मला राहवलं नाही. माझी आई बावीस वर्षं साइडर होती. तिच्या पायाच्या शिरा फुगलेल्या आहेत, रोज संध्याकाळी मी तेल लावते. चालण्याचा त्रास मला कुणी सांगायला नको.

पण या गावात काम गेल्यावर काय होतं तेही आम्ही पाहिलंय. 1877 साली सुरू झालेली जुनी मिल बंद पडली, नंतर एकेक करून बाकीच्या मोठ्या मिलही गेल्या. भोंगे थांबले. पुरुष यंत्रमागावर गेले, रिक्षावर गेले, आणि बायका सुपात तंबाखू घेऊन विड्या वळायला बसल्या. विडीला हजारावर मजुरी मिळते, पाठ वाकते आणि तंबाखूची धूळ छातीत जाते. साइडरचं काम जड असलं तरी त्याला हजेरी आहे, प्रॉव्हिडंट फंड आहे. रोबो आल्यावर त्या बाईला तुम्ही कुठं पाठवणार? आधी हे सांगा, मग रोबोचं बोलू.

जाडसूत
मी उत्पादन आणि हिशेब बघतो. भावना बाजूला ठेवत नाही, पण आकडे मांडतो.

20 काउंटचं सूत धरू, आपल्या टॉवेलला चालणारं (काउंट जितका कमी तितकं सूत जाड). एक चाती मिनिटाला साधारण वीस मीटर सूत काढते, म्हणजे सुमारे 0.6 ग्रॅम. शंभर चात्या तासभर चालल्या की तीन तारा तुटतात असं धरलं तर बाराशे चात्यांच्या फ्रेमवर तासाला 36 तारा. प्रत्येक तार सरासरी दहा मिनिटं तुटलेली राहिली तर तासाला 216 ग्रॅम कापूस सक्शनमध्ये जातो. दिवसाला पाच किलोच्या थोडा वर. तीच फ्रेम दिवसाला हजार किलोच्या आसपास सूत काढते. म्हणजे नुकसान अर्धा टक्का, आणि तो कापूसही फेकला जात नाही, ब्लोरूममध्ये, म्हणजे सुरुवातीला कापूस मोकळा करायच्या खात्यात, परत मिसळतो.

आता वेळ बघा. एका साइडरकडे दोन फ्रेम असल्या तर तासाला 72 तारा. बारा सेकंदांनी गुणलं तर चौदा-पंधरा मिनिटं होतात. उरलेल्या वेळात ती फिरते, संपलेलं रोविंग (ज्यातून सूत निघतं ती कापसाची जाड वात) बदलते, तंतू झाडते. रोबो फक्त ती पंधरा मिनिटं घेतो. बाकीच्या कामाला माणूस लागतोच. अर्ध्या टक्क्यासाठी प्रत्येक फ्रेमला दोन रोबो घेणं आपल्या जाड सुताच्या गिरणीला परवडेल, हे मला पटत नाही.

टॉवेलवाला
अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझे माग आहेत. सूत विकत घेणाऱ्याच्या बाजूनं बोलतो. रिंगवरचा सांधा रोबोनं मारला की बाईनं, याचा मला फरक पडत नाही. सांधा जाड असेल तर पुढं ऑटोकोनरवर, म्हणजे सूत मोठ्या कोनावर गुंडाळणाऱ्या यंत्रावर, दोष पकडणारा क्लिअरर तो कापतो आणि हवेच्या झोतानं दोन टोकं नवीन जोडतो. माझ्यापर्यंत येतो तो हा दुसरा जोड.

मला त्रास होतो बारीक पडलेल्या सुताचा. ताण्यातली, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांतली, एक तार तुटली की तिच्यावर लटकणारी ड्रॉप पिन पडते, माग थांबतो आणि कामगार वाकून ती तार शोधत बसतो. असं दहा वेळा झालं की पाळीचं उत्पादन गेलंच समजा. रिंगवर जिथं तार वारंवार तुटते तिथलंच सूत माझ्याकडं येऊन परत तुटतं. म्हणून माझं मागणं वेगळं आहे. सांधण्यावर पैसे घालण्याआधी ती तुटते का, ते शोधा.

फिटर
जाडसूत साहेब, गणित बरोबर आहे. पण "दहा मिनिटं" हे पूर्ण हजेरीचं गणित झालं. चार साइडर आल्या नाहीत की उरलेल्या एकेकीकडे तीन-चार फ्रेम जातात आणि तार अर्धा तास तशीच राहते. काही ठिकाणी सक्शन कमी पडतं, कापूस रोलरला गुंडाळतो, मग शेजारची तारही जाते. ती गुंडाळी ब्लेडनं कापताना रबराच्या रोलरला चरा पडला की ती चाती कायमची वाईट होते. हे नुकसान तुमच्या अर्ध्या टक्क्यात नाही. नवीन मुली तर तीन महिने टिकत नाहीत.

रातपाळी
का टिकत नाहीत, हे कुणी विचारलं का? पाळी सुटल्यावर गावाकडं जायला गाडी नसते. आणि हात बसलेल्या बाईला आणि कालच आलेल्या पोरीला जवळपास सारखाच पगार. बावीस वर्षांत आईच्या बोटांना जे कळत होतं त्याची किंमत पगारपत्रकात कधी दिसली नाही.

फिटर
ताई, याला माझ्याकडं उत्तर नाही. टॉवेलवाल्यांच्या मुद्द्यावर मात्र घडलेलं सांगतो, कारण त्यावरून माझं मत थोडं हललंय.

मागच्या उन्हाळ्यात एका फ्रेमवर तारा फार तुटत होत्या. दमटपणा तपासला, ट्रॅव्हलर बदलले, फरक नाही. मग ठरवलं की एक पाळी प्रत्येक तुटीला त्या चातीसमोर खडूची रेघ मारायची. रात्री बघतो तर बऱ्याच चात्या कोऱ्या आणि ठराविक चात्यांपुढं रेघांवर रेघा. कुठं चाती हलत होती, कुठं रिंग झिजलेली, कुठं रोलरला चरा. तेवढ्या दुरुस्त केल्या आणि ती फ्रेम शांत झाली. प्रत्येक चातीवरचा सेन्सर हेच काम रोज करतो. तेव्हा आधी सेन्सर घ्यावेत, रोबोचं नंतर बघावं, इथपर्यंत मी आलोय. रोबो नकोच असं मात्र अजूनही म्हणणार नाही.

एक सांगायचं राहिलं. त्या फ्रेमच्या साइडर मावशींनी खडू हातात घ्यायच्या आधीच मला सात-आठ चात्या बोटानं दाखवल्या होत्या. रेघा मोजल्या तेव्हा त्यांतली एकही चुकलेली नव्हती.

रातपाळी
मग त्या मावशींचं पुढं काय झालं?

फिटर
काही नाही, ताई. अजून बदली कामगारच आहेत, कायम नाहीत.