मदत हवी आहे: पप्पांना रोज पहाटे फोनवर शास्त्रपाठ वाचून दाखवते, क्रम कसा लावू?

सर्वांना प्रभू येशूच्या नावाने सलाम.

पप्पा ८१ वर्षांचे, नगरला राहतात. मी पुण्यात. दोन वर्षांपूर्वी मम्मी गेली, आणि गेल्या दिवाळीनंतर पप्पांचे डोळे गेले म्हणायचे. पडद्याचा विकार आहे. समोरचा माणूस कळतो, अक्षर लागत नाही. भिंग झालं, मोठ्या टाइपाचं बायबल झालं, कशाचाच उपयोग नाही. शास्त्रपाठ झाल्याशिवाय या माणसाने जन्मात कधी सकाळचा चहा घेतला नव्हता. आता ते पहाटे उठून बायबल मांडीवर घेऊन नुसते बसायचे, मिटलेलंच. मला ते बघवेना. म्हणून फेब्रुवारीपासून रोज सकाळी सहाला मी फोन लावते आणि वाचून दाखवते. वीस मिनिटं मिळतात. मग डबे, शाळेची रिक्षा, सगळं एकदम सुरू होतं.

फोनवर ऑडिओ बायबल लावून दिलं होतं. आवाज चांगला आहे, उच्चार स्वच्छ आहेत. आठवड्याने पप्पा म्हणाले, "त्याला थांब म्हणता येत नाही गं." मला ते म्हणतात. मी घाईत असले की म्हणतात, "हळू. वचन आहे ते, बातम्या नव्हेत." एखादं वचन पुन्हा वाचायला लावतात. वाचून झालं की दोघंही गप्प बसतो. त्यांच्याकडचं भिंतीवरचं घड्याळ मला इकडे ऐकू येतं. मग ते प्रार्थना करतात, शेजारपाजारच्या आजाऱ्यांची नावं घेऊन, सावकाश.

रोजच्या मननाची पुस्तकंही आणून पाहिली, तारखेप्रमाणे एकेक पान असतं ती. त्यातली बरीचशी इंग्रजीवरून उतरवलेली. बर्फात अडकलेली गाडी, तळ्याकाठची सुट्टी, आणि शेवटी चार ओळींची शिकवण. लिहिणाऱ्यांची तळमळ खरी असेल, पण पप्पांच्या कानाला ती मराठी परकी लागते. ते ख्रिस्ती कवी तिलकांच्या भजनांवर वाढलेले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं रेव्हरंड ना. वा. तिलक म्हणत. पप्पांची प्रार्थनाही त्याच वळणाची आहे, अभंगासारखी पुन्हापुन्हा त्याच शब्दाकडे येणारी.

शेवटी सगळं बाजूला ठेवून स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधलं स्तोत्रांचं पुस्तक, पहिल्यापासून धरली. रोज एक स्तोत्र. २३वं आलं तेव्हा "मला काही उणे पडणार नाही" हे मी वाचायच्या आधी त्यांनीच म्हटलं. ८८व्या स्तोत्राला मात्र मी अडखळले. बाकीच्या विलापांमध्ये कुठेतरी आशेची ओळ येते, यात येतच नाही. अंधारातच संपतं. मम्मीचं सगळं आठवलं, आवाज फुटेना. म्हटलं, पप्पा, दुसरं काही वाचू का? ते म्हणाले, "असू दे. उद्या ८९वं आहे."

आता विचारायचं ते असं. स्तोत्रं संपत आली. पुढे काय वाचू? बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सरळ वाचत गेलं तर पुढे लेवीय या पुस्तकात यज्ञांचे नियम येतात, ते सकाळी सहाला फोनवर कसे वाचायचे कळत नाही. शिवाय भाषेचा प्रश्न. पप्पांना बायबल सोसायटीचं जुनं 'पवित्र शास्त्र' पाठ आहे, सोपं भाषांतर वाचलं की "माझा शब्द कुठे गेला?" विचारतात. माझा मुलगा चौदा वर्षांचा, इंग्रजी माध्यमातला. तो हल्ली कधीकधी शेजारी येऊन बसतो, त्याला जुन्या भाषेतलं निम्मं समजत नाही. दोघांना एकत्र कसं बसवू? आणि १३७वं स्तोत्र चार दिवसांनी येतंय. बाबेलच्या नद्यांकाठी सुरू होतं आणि बाळांना खडकावर आपटण्याच्या शापाशी संपतं. कुणी कसं वाचता ते कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, मी वसईचा, कॅथलिक. आमच्याकडे क्रम चर्चनेच लावून दिलेला असतो, तुम्हाला तो वापरायला काहीच हरकत नसावी. रोज एक पहिलं वाचन, एक स्तोत्र आणि शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राच्या चार पुस्तकांपैकी एकाचा) उतारा. रविवारचं चक्र तीन वर्षांचं: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. योहान मुख्यतः ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात आणि नंतरच्या पुनरुत्थानकाळात येतो. एरवीच्या दिवसांचं शुभवर्तमान दरवर्षी तेच, पहिलं वाचन दोन वर्षांच्या चक्राने बदलतं. उतारे छोटे असतात, सावकाश वाचून वीस मिनिटांत होतात. मोठा फायदा हा की आज काय वाचायचं हे आपण ठरवायचं नसतं. माझी आई गेली त्या आठवड्यात मला बायबल कुठे उघडावं तेच सुचत नव्हतं, तेव्हा या क्रमाने मला धरून ठेवलं.

शापाच्या स्तोत्रांबद्दल: आमच्या धर्मगुरूंच्या नित्यप्रार्थनेच्या पुस्तकातून दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (साठच्या दशकातली कॅथलिक चर्चची मोठी सभा) ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं पूर्ण वगळली, आणि १३७सारख्या काहींतली शेवटची कठोर वचनं काढली. म्हणजे हा प्रश्न तुमच्या एकटीचा नाही. पण मी स्वतः घरी ती वाचतो. ज्यांचं शहर जाळलं, ज्यांना ओढून नेलं, त्यांनी तो राग शेजाऱ्यावर न काढता देवापुढे ओतला, एवढं मनात धरून वाचतो.

मुलासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' बघा. पप्पांसाठी जुनं मोठ्याने वाचा, आणि नंतर त्यातलं एकच वचन मुलाला सुबोधमधून वाचायला द्या. पप्पांचा शब्द जागेवर राहील आणि मुलाचा आवाज त्यांच्या कानावर पडेल.

प्रतिसाद

बाळ, तुझं वाचून डोळे भरून आले. माझे यजमान चर्चचे पाळक होते, त्यामुळे घरातल्या उपासनेचा मला थोडा अनुभव. पुढे जायची घाई करू नकोस. १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं यरुशलेमेला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची. १३२वं सोडलं तर सगळी आखूड. आपल्याकडे वारकरी चालताना अभंग म्हणतात, तशी. म्हाताऱ्या माणसाला ती पुन्हापुन्हा हवी असतात, ती परत घे. ११९वं एका दमात वाचलं असशील तर तेही परत घे: १७६ वचनं आहेत, पण आठ-आठ वचनांचे २२ भाग केलेलेच आहेत, २२ सकाळी होतात.

मग चारही शुभवर्तमानं, रोज एक अध्याय. एकूण ८९ अध्याय, तीन महिने धर. मार्कापासून सुरू कर, सोळाच अध्याय आहेत आणि गोष्ट पळते, मुलगाही ऐकेल. रविवारी वाचन थोडं कमी करून 'उपासना संगीत' या भजनांच्या पुस्तकातलं तिलकांचं एक भजन पप्पांनाच म्हणायला सांग. त्यांना पुस्तक लागायचं नाही. सहा दिवस तू वाचतेस, एक दिवस त्यांनी द्यावं. नुसतं ऐकून घेणं त्यांना जड जात असेल, बोलून दाखवणार नाहीत.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचे मनापासून आभार. काकू, शेवटचं तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत. काल रविवारी पप्पांना भजन म्हणायला सांगितलं. आधी "घसा बसलाय" म्हणाले, मग तीन कडवी म्हटली, न अडखळता. चौथ्याला थांबले आणि म्हणाले, हे तुझी मम्मी उचलायची. मला चाल येत होती, शब्द येत नव्हते. आज संध्याकाळी पुस्तक काढून ते कडवं वहीत उतरवून घेतलं आहे.

दादा, १३७वं वाचलं, पूर्ण. पप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग प्रार्थनेत युद्धातल्या लेकरांसाठी मागणं केलं.

उद्यापासून १२०. त्यानंतर मार्क. 'सुबोध बायबल' सध्या पुण्यात कुठल्या दुकानात मिळेल, कुणाला माहीत असेल तर कृपया इथेच सांगा.