मदत हवी आहे: आजोबांचा बॅरोमीटर पुण्यात सतत 'स्टॉर्मी' दाखवतोय

नमस्कार मंडळी. आजोबांचा पितळी ॲनेरॉइड बॅरोमीटर (हवेचा दाब मोजणारं, पाऱ्याशिवायचं यंत्र) दादरहून पुण्याला आणलाय. तिथे काटा 29.8 इंचांच्या (दाब पाऱ्याच्या उंचीत) आसपास असायचा, इथे थेट 28 वर, 'स्टॉर्मी'पाशी. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच. दर नऊएक मीटरला एक हेक्टोपास्कल (दाबाचं एकक) दाब घटतो, म्हणजे इथे साधारण 62 हेक्टोपास्कल किंवा 1.8 इंच; हा फरक उंचीचाच. आतली पोकळ डबी शाबूत असावी: काचेवर हलकेच टिचकी मारली की सकाळी दहाला काटा किंचित वर दिसतो, दुपारी चारला खाली, हवेचा दाब रोज बदलतो तसाच.

मागचा स्क्रू फिरवून हवामान खात्याच्या समुद्रसपाटीच्या आकड्याशी जुळवायचाय. पण 1.8 इंच एकदम फिरवले तर स्प्रिंगवर ताण येईल का? कोणी स्वतः केलंय? पुण्यात जपून काम करणारा कारागीर माहीत असेल तर कृपया सांगा. आजोबांची ही एकच वस्तू माझ्याकडे आहे.