मदत हवी आहे: यजमानबाई पोटभर जेवायला देत नाहीत (फ्रान्स)

शेवंती | 24 ऑक्टोबर, रात्री 10:52
पटकन उत्तर हवंय. मी इथे फ्रेंच शिकायला आलेय, एका बाईंच्या घरी राहते. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण पैशांत धरलेलं आहे. बाई गोड आहेत, पण जेवायला देत नाहीत. म्हणजे देतात, पण दोन घास. आज लाल भोपळ्याचं सूप, मग बटाट्याचा तो क्रीमवाला प्रकार, तोही चमचाभर. आणि भांडं उचलून आत! मी खोलीत येऊन पार्ले-जी खाल्लं. शेवटचा पुडा उरलाय. आठवड्याला 190 युरो मोजते, फुकट राहत नाही. घर बदलू का? तक्रारीचं पत्र कोणी फ्रेंचमध्ये लिहून देईल का? प्लीज लवकर सांगा.

तिखटमीठ | रात्री 11:04
फ्रान्स मोठा आहे हो. गाव कोणतं? शाकाहारी का? अंडं चालतं? किती दिवस झाले? काहीच न सांगता "लवकर सांगा".

निवृत्त_नाना | रात्री 11:10
बेटा, सर्वप्रथम व्हिसा व्हॅलिडेट केलास का ते सांग. लांब मुदतीचा विद्यार्थी व्हिसा असेल तर फ्रान्समध्ये उतरल्यापासून तीन महिन्यांत ऑनलाइन व्हॅलिडेट करावा लागतो, कर भरून. आमची मुलगी ग्रनोबलला होती तेव्हा हे आम्ही पहिल्या आठवड्यात उरकलं होतं. दुसरं, वर्षाला 964 तासांपर्यंत कामाची मुभा असते, तिचा लाभ घ्यावा.

शेवंती | रात्री 11:15
नाना, व्हिसाचा प्रश्नच नाहीये. भुकेचा आहे.
गाव बेझांसों. शाकाहारी आहे, केकमधलं अंडं चालतं, नुसतं नाही. सप्टेंबरपासून इथे आहे. फॉर्मवर "शाकाहारी" लिहिलं होतं.

ल्योंकर | रात्री 11:31
झालं तर मग. फॉर्मवर लिहिलं म्हणजे त्यांना कळलं असं धरू नकोस. इथे मासे खाणारेही स्वतःला खुशाल शाकाहारी म्हणवतात. मला एकाने "मांस नाही" असं छातीठोक सांगून लार्दों घातलेलं सॅलड दिलं होतं. लार्दों म्हणजे डुकराच्या चरबीयुक्त मांसाचे बारके तुकडे. मी विचारलं तर म्हणाला, ते चवीपुरतं आहे. त्यात तू बेझांसोंला, म्हणजे मॉर्तोच्या धुरावलेल्या सॉसेजचा मुलूख. बाईंना बिचाऱ्यांना तुझ्यासाठी काय करावं ते सुचतच नसेल. मसूर, वाटाणे, छोले आणून दे आणि कसे करायचे ते शिकव.
बाकी, ते 190 की 180? "सां कात्र-व्हाँ-दिस" नीट ऐकलंस ना? माझा पहिल्या महिन्यात भाड्यात घोळ झाला होता.

शेवंती | रात्री 11:38
190च. कागदावर आहे. आणि मांसाचा प्रश्न नाहीये, त्या माझ्यासाठी वेगळं करतात. चांगलं करतात. कमी देतात एवढंच.

तिखटमीठ | रात्री 11:44
चीज भरपूर खा. काँते तिथलंच ना? आख्ख्या फ्रान्सला ते पुरवतात आणि तू पार्ले-जी खातेस!

अळणी_आमटी | रात्री 11:52
थांबा. काँते शाकाहारी नाही. त्यात दूध घट्ट करायला वासराच्या पोटातून काढलेलं रेनेट वापरतात, नियमच तसा आहे. कच्चं गायीचं दूध, किमान चार महिने मुरवणं आणि प्राणिज रेनेट. ताई, बघून खा.

तिखटमीठ | रात्री 11:58
तिला भूक लागलीय आणि तुम्ही रेनेट काढताय. इथे पिझ्झ्यावरचं चीज खाणाऱ्या किती जणांनी रेनेट विचारलंय?

अळणी_आमटी | 25 ऑक्टोबर, रात्री 12:03
मी विचारते. प्रत्येक वेळी. आणि हसतात म्हणून विचारायचं सोडलेलं नाही. हे माझं वैयक्तिक मत.

माँट्रियलची_मावशी | सकाळी 6:20
शेवंती, अगं एवढं कशाला सोसतेस? छोटा राइस कुकर घे, खोलीत ठेव, मूगडाळ-तांदूळ टाक, वीस मिनिटांत जेवण. मी विद्यार्थी असताना दोन वर्षं असंच काढलं. कुकरची शिट्टी मात्र नको, माझ्या शेजारणीने अग्निशामक दलाला फोन केला होता. आईला सांग भाजणी, मेतकूट, साजूक तूप आणि पेढे पाठव म्हणून. इथे क्यूबेकमध्ये तर लोक आपणहून हातात डबा देतात, मोठ्या मनाची माणसं.

ल्योंकर | सकाळी 7:05
मावशी, तूप आणि पेढे विसरा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, सापडले तर काढून घेतात. भाजणी-मेतकूट येऊ दे. आणि दुसऱ्याच्या घरात न विचारता खोलीत कुकर लावणं म्हणजे भांडणाची सोय. आधी विचार.

माँट्रियलची_मावशी | सकाळी 7:12
मी तिला चोरून लाव म्हटलं का? हो, म्हटलं बहुतेक. बरं, विचारून लाव.

निवृत्त_नाना | सकाळी 7:30
ल्योंकरांनी 190चा मुद्दा काढला म्हणून सांगतो. फ्रेंचांचं सत्तरच्या पुढे सगळं अवघडच. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार वीस, अठ्ठ्याण्णव म्हणजे चार वीस दहा आठ! बेल्जियन आणि स्विस शहाणे, ते सत्तरला सेप्तांत आणि नव्वदला नोनांत म्हणतात. आपल्याकडे 2019 साली बालभारतीने दुसरीच्या गणितात "सत्तावीस"च्या जोडीला "वीस सात" आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मी तेव्हाही म्हणालो होतो, मुलांचं ऐका.

अळणी_आमटी | सकाळी 7:48
नाना, एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत पन्नाशीनंतरही अडखळणारी माणसं आपल्याच घरात आहेत, फ्रेंचांना कशाला हसता? आणि "वीस सात"ला माझा तेव्हाही विरोध होता. संख्यांची नावं गेली की म्हणीही जातील.

तिखटमीठ | सकाळी 8:01
धागा भरकटलाय. उपाशी पोरीचं काय?

शेवंती | दुपारी 1:10
हो ना. दुपारी संस्थेच्या जवळ विद्यापीठाच्या उपाहारगृहात जेवते, कार्ड दाखवलं की स्वस्तात मिळतं. तिथे पोट भरतं. रात्रीचाच वांधा. आणि रविवारी तर दुपारनंतर दुकानंच बंद. मागच्या रविवारी दू नदीच्या काठाने तासभर भटकले, एक कबाबवाला उघडा होता, त्याच्याकडे फलाफल मिळालं म्हणून बरं. वजन चार किलो उतरलंय. आईला सांगितलेलं नाही.

पंगत_प्रमुख | दुपारी 2:26
मी सहसा लिहीत नाही, पण वाचून राहवलं नाही. सूप, मग बटाटे, असं क्रमाने मांडणारी बाई तुम्हाला मुद्दाम कमी वाढेल हे पटत नाही. जेवणाच्या टेबलावर नेमकं काय होतं ते शब्दशः लिहाल का? भांडं कुठे असतं, कोण वाढतं, त्या काय विचारतात, तुम्ही काय म्हणता.

शेवंती | दुपारी 3:02
यात काय लिहायचं? भांडं मधे असतं. त्या म्हणतात "सेर-त्वा". मी थोडंसं घेते, पहिल्यांदा जास्त घेणं बरं दिसत नाही. मग त्या विचारतात अजून हवंय का. मी "मेर्सी" म्हणते. आणि त्या भांडं आत नेतात!! हेच तर सांगतेय.

पंगत_प्रमुख | दुपारी 3:09
सापडलं. अहो, तुम्हीच नको म्हणताय!

शेवंती | दुपारी 3:10
मी धन्यवाद म्हणतेय!!

पंगत_प्रमुख | दुपारी 3:34
समोरच्याने काही देऊ केलं आणि आपण नुसतं "मेर्सी" म्हटलं, तर फ्रान्समध्ये त्याचा अर्थ बहुतेकदा "नको, धन्यवाद" असा होतो. हवं असेल तर "वी" म्हणजे "हो" लावा, किंवा चक्क "व्होलोंतिए" म्हणा, म्हणजे "आनंदाने". "ज व्हो ब्यँ"ही चालतं. ऐकायला "घेईन म्हणा" असं अर्धवट वाटतं, पण तो होकार असतो. पुस्तकात पहिल्याच धड्यात मेर्सी म्हणजे धन्यवाद शिकवतात आणि पुढे कोणी सांगत नाही. मी स्वतः एका घरी तीन आठवडे गोड न खाता उठत होतो.
दुसरं कारण आपल्या घरचं. तुम्ही आग्रहाची वाट बघताय. आपल्या पंगतीत "नको नको" म्हणणाऱ्याच्याच पानात जिलबी पडते, ताटावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून मठ्ठा ओततात. तिकडे एकदा नको म्हटलं की विषय संपला. पुन्हा विचारणं म्हणजे पाहुण्याच्या शब्दावर अविश्वास.
"सेर-त्वा" म्हणजे "स्वतः वाढून घे". तो त्यांचा आग्रहच समजा.

माँट्रियलची_मावशी | दुपारी 3:50
इकडे असं काही नाही हं. आम्ही मेर्सी म्हटलं की समोरचा "ब्यँव्हन्यू" म्हणतो आणि वाढतो.

ल्योंकर | दुपारी 3:58
मावशी, "ब्यँव्हन्यू" (स्वागत) हे उत्तर फ्रान्समध्ये दिलं तर लोक दार उघडून आत बोलावतील. तुमचं फ्रेंच वेगळं, इथलं वेगळं. पण प्रमुखसाहेब, सरसकट नाही. मान कशी हलवली, हात पुढे आला का मागे गेला, यावर असतं. माझ्या अनुभवात हसून मेर्सी म्हटलं तरी वाढतात.

पंगत_प्रमुख | दुपारी 4:06
मान्य. पण शेवंतीताई कशी मान हलवतात ते विचारा. आपण हो म्हणताना जी मान डोलावतो ती त्यांना नाहीसारखी वाटते. गमतीने घ्या.

अळणी_आमटी | दुपारी 4:15
कोकणात आमच्याकडे "पुरे" हा शब्द तीनदा म्हटल्याशिवाय मोजत नाहीत. चौथ्यांदा म्हटलं तर रागावतात.

तिखटमीठ | दुपारी 4:22
माझं अजूनही म्हणणं आहे की घर बदल. 190 युरोत माणसाने शब्दार्थ का शोधत बसावं?

शेवंती | 26 ऑक्टोबर, रात्री 11:20
आज "व्होलोंतिए" म्हटलं. दोनदा. बाईंनी हातातला चमचा तसाच ठेवला आणि माझ्याकडे बघत बसल्या. मग स्वतःच म्हणाल्या की त्यांना वाटत होतं मला आवडत नाही. मुलीला फोनवर सांगत होत्या म्हणे, "भारतातली पोरगी चिमणीएवढं खाते, माझ्या हाताला चव नाही राहिली बहुतेक." मी दीड महिना त्यांना कंजूष समजत होते आणि त्या रोज नवीन काहीतरी करून बघत होत्या. गेल्या आठवड्यात तर इंटरनेटवर बघून डाळ केली होती, पिवळी, बेचव, मीठ नसलेली. मी दोन चमचे खाऊन "मेर्सी" म्हटलं होतं. आता आठवून कसंतरी होतंय.
शब्दांचं खरं जड वाटलं नाही. हात पुढे करून "अजून द्या" म्हणायचं जड गेलं. दुसऱ्याच्या घरी असं कधी म्हटलेलंच नाही. माझ्या स्वतःच्या मावशीकडेसुद्धा नाही.
चीजच्या वेळी एक गोष्ट विचारायचीय. पाटीवर चार-पाच तुकडे असतात, ती फिरवतात. मी काँतेचा एक तुकडा घेतला (आमटीताई, मला रेनेटबद्दल वाचून आता घास अडकतोय), पाटी परत फिरली नाही. दुसऱ्यांदा मागायची का?

ल्योंकर | रात्री 11:41
नाही, चीजची पाटी एकदाच. तिथे पहिल्या फेरीतच हवं तेवढं घ्यायचं. फक्त टोक कापून पळू नकोस, मधला मऊ भाग एकटीने खाल्लेला ते लक्षात ठेवतात. कांकोयोत मिळाली तर बघ, ते पातळ चीज पावावर लावून खातात, बटाट्यावर ओततात. त्यातही रेनेट आहे की नाही हे विचारावं लागेल, आमटीताई बघतायत.

अळणी_आमटी | रात्री 11:44
बघतेय. "प्रेझ्यूर" शब्द पाठ करून ठेव, म्हणजे रेनेट. दुकानात "प्रेझ्यूर व्हेजेताल" लिहिलेलं चीज मिळतं.

तिखटमीठ | रात्री 11:49
घर बदलू नकोस. शब्द मागे घेतो.

शेवंती | रात्री 11:58
सगळ्यांना धन्यवाद. नाना, तुम्ही ते व्हिसाचं काय म्हणाला होतात? तीन महिने म्हणजे कधीपासून? व्हिसावर जी तारीख छापलीय तिथून? मी 2 ऑगस्टला पॅरिसला उतरले, महिनाभर मावसबहिणीकडे होते, सप्टेंबरला इथे आले. मला वाटलं संस्था करते.

निवृत्त_नाना | 27 ऑक्टोबर, सकाळी 5:45
उतरल्याच्या तारखेपासून, बेटा. म्हणजे 2 नोव्हेंबरच्या आत. संस्था करत नाही, तुझं तुलाच करायचंय. पासपोर्ट, व्हिसाचा क्रमांक, आल्याची तारीख, पत्ता आणि कार्डाने पैसे. अर्ध्या तासाचं काम आहे. आज कर. उद्यावर टाकू नकोस, पुढे नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला सुट्टी असते. आमच्या मुलीने पत्त्यात चूक केली होती, ती निस्तरायला महिना गेला.

शेवंती | सकाळी 7:15
पत्ता बाईंचाच टाकू ना? त्यांचं आडनाव वेगळं आहे, मग मला पत्र कसं येणार?

पंगत_प्रमुख | सकाळी 7:40
पत्त्यात तुमच्या नावाखाली "शे" लिहा आणि पुढे त्यांचं आडनाव. "शे" म्हणजे "यांच्याकडे". आणि खाली पत्रपेटीवर तुमच्या नावाची चिठ्ठी चिकटवा, त्यांना विचारून. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेऊ शकतो.