पायाचं गाऱ्हाणं मालकाकडं तोंडी सांगावं की अर्ज द्यावा?

खानापूरकर (धागा सुरू करणारा)
बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीनशॉपमध्ये सहा वर्षं व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) आहे. डाव्या पायाला लहानपणी पोलिओ, मांडीपर्यंत कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा). कामाबद्दल कुणाची तक्रार नाही. पण मशीनसमोर कूलंट (मशीन थंड ठेवायचं द्रव) सांडून फरशी कायम ओली, आणि काठीचं रबरी बूच झिजलं की सर्रकन सरकतंय. दोनदा मशीनच्या दाराला धरलं म्हणून वाचलो. त्यात या महिन्यापासून रात्रपाळी. बारा तास कॅलिपर बांधून पट्ट्याखालची कातडी सोलवटली आहे.
मागणं एवढंच: पायाखाली जाळीची रबरी मॅट, टेकायला उंच स्टूल, आणि दिवसपाळी. सुपरवायझरना तीनदा सांगितलं. "बघू की" म्हणतात. आता अर्ज द्यायचा म्हणतोय, तर घरचे नको म्हणतात. मला वाटतं द्यावा. तुम्ही सांगा.

मच्छेचा कारखानदार
राग मानू नका, मी मालकाच्या बाजूनं बोलणार. माझ्याकडं चौदा माणसं. एका पोराला कमी ऐकू येतं. त्यानं चहाच्या वेळी सांगितलं, संध्याकाळपर्यंत त्याला कॉम्प्रेसरपासून लांबचं मशीन दिलं आणि वर पिवळा दिवा बसवला. तोच जर अर्ज घेऊन आला असता तर मी आधी कन्सल्टंटला फोन लावला असता, आणि त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "काही लिहून देऊ नका." स्टूल काय हो, स्क्रॅपच्या अँगलमधून अर्ध्या तासात वेल्ड होतं. मालकाला एकटं गाठा आणि बोला.

टिळकवाडीची ताई
दादा, तुम्ही स्वतः शॉपवर उभे असता म्हणून हे जमतं. मी बँकेत, नजर कमी. आमच्या आधीच्या मॅनेजरनी न मागता मोठा स्क्रीन दिला, टेबल फिरवून खिडकीकडं पाठ करून दिली. देवमाणूस. मग त्यांची बदली झाली. नवीन आले त्यांनी विचारलं, "ऑर्डर कुठाय?" फाईलीत माझ्या नावाचं चिटोरंसुद्धा नव्हतं. महिन्याभरात स्क्रीन दुसऱ्या टेबलावर! मग अर्ज दिला, आवक नंबर घेतला, तेव्हा परत मिळाला. आणि खानापूरकर, तुमच्या मालकापर्यंत "बघू की" पोचलंय तरी का? मला नाही वाटत.

कलमबहाद्दर
2016 चा दिव्यांग हक्क कायदा, 19 एप्रिल 2017 पासून लागू. कलम 21 प्रमाणे खासगी असो वा सरकारी, प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. वीसपेक्षा कमी माणसं असली तरी कोणत्या सोयी देणार हे त्यात लिहावं लागतं. कारखानदार, तुमचं कुठं लावलंय?

मच्छेचा कारखानदार
नाही लावलेलं, कबूल. पण अर्धंच सांगू नका. नोकरीत वाजवी सोय द्यायलाच हवी असं सरळ सांगणारं कलम 20 सरकारी आस्थापनांसाठी आहे. शिवाय सोयीच्या व्याख्येतच मालकावर अवाजवी बोजा पडू नये असं म्हटलंय. उद्या सगळ्यांनी दिवसपाळी मागितली तर रात्री मशीन काय मी फिरवू?

कलमबहाद्दर
सगळ्यांना कॅलिपर नाही. आणि मॅट, स्टूल हा कुठला बोजा? पण खासगीत कायद्याचा जोर कमी पडतो हे खरं. म्हणून तर मागितल्याचा पुरावा हवा. उद्या बेंगळुरूला दिव्यांगांसाठीच्या राज्य आयुक्तांकडं जायची वेळ आली तर ते पहिलं विचारतील, मालकाला कळवलं होतं का?

निपाणीचा बाबू
तुम्ही सगळे पर्मनंट दिसता. मी ठेकेदाराचा माणूस. पाठीचं दुखणं लिहून दिलं. कंपनी म्हणाली ठेकेदाराला द्या, ठेकेदार म्हणाला कंपनीला द्या. पुढच्या महिन्यात यादीत नाव नाही. कारण? "काम कमी झालंय." माझ्या जागेवर दुसरा उभा होता. खानापूरकर, आधी बघा तुमचा पगार कुणाच्या नावानं येतोय.

टिळकवाडीची ताई
बाबूदादा, वाईट झालं. दोघांनाही एकाच दिवशी द्यायला हवा होता, पण हे आता बोलून काय.

शहापूरचा
कुठल्या भाषेत द्यायचा? आमचा एचआर धारवाडकडचा, मराठी ऐकून हसतो फक्त.

टिळकवाडीची ताई
ज्याला वाचायचाय त्याच्या भाषेत. इंग्रजी नाहीतर कन्नड. इथं अस्मिता नको, स्टूल हवंय. सोबत यूडीआयडी कार्डाची (दिव्यांग ओळखपत्राची) झेरॉक्स जोडा.

कलमबहाद्दर
40 टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलं तरी सोय मागू नये असं नाही. 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी खटल्यात सुप्रीम कोर्टानं परीक्षेला लेखनिक देताना हेच सांगितलं.

खानापूरकर
कारखानदारांचं थोडं ऐकलं, ताईंचं जास्त. काल मालकांना गाठून दोन मिनिटं बोललो. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मग तिथंच अर्ज पुढं केला. सहा ओळी. "पाय दुखतो" लिहिलं नाही. "ओल्या फरशीवर काठी सरकते, मॅट घातल्यास काम न थांबता होईल" असं लिहिलं. शेवटी, पंधरा दिवसांत कळवावे.
मालकांनी वाचला, घडी घालून खिशात ठेवला. पोच मागितली तर म्हणाले, "मी पळून चाललोय काय रे?" म्हणून घरी येऊन दुसऱ्या प्रतीचा फोटो त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. निळ्या खुणा आल्यात. उत्तर नाही. आज रात्रपाळी आहे.