अनुभव धागा: गाडी घरी ठेवून बस धरली, पुढे काय झालं?

मंडळी, पिंपरी-चिंचवडच्या काळेवाडी फाट्यावर रोज सकाळी एकच दृश्य दिसतं. मधल्या बीआरटी मार्गातून, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या मार्गिकेतून, बस निघून जाते आणि शेजारी गाड्यांची रांग सिग्नलपर्यंत तुंबलेली. त्या रांगेत सहा वर्षं मीही होतो, गाडीत एकटा. १२ मीटरच्या बसच्या लांबीत छोट्या तीन गाड्या बसतात, म्हणजे बहुतेकदा तीनच माणसं. बसमध्ये साठ. रस्ता आधी कोणाला द्यायचा याचं उत्तर मला त्या रांगेतच मिळालं. गेल्या जूनपासून मी सांगवी–किवळे मार्गावरची बस धरतो. तुमचे अनुभव लिहा, जमलं नसेल तर तेही. कुठून कुठे जाता आणि कशामुळे जमलं, एवढं मात्र नक्की सांगा.

*पिंपळे निलख*
माझ्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. २०१५ मध्ये हे बीआरटी थांबे सुरू झाले तेव्हा त्यांचं महत्त्व कळलं नव्हतं, आता कळतं. फलाट बसच्या तळाशी समतल आणि दार उजवीकडे, त्यामुळे पायरी चढावीच लागत नाही. साध्या थांब्यावर कडेला गाड्या लावलेल्या असतात, मग बस रस्त्याच्या मध्येच उभी राहते आणि मला खाली उतरून तिथवर जावं लागतं. बीआरटीतही एक अडचण आहे: मधल्या थांब्यावर पोचायला भरधाव वाहनांतून रस्ता ओलांडायचा. तिथे पायी चालणाऱ्यांसाठी सिग्नल हवाच.

*कोथरूड*
ऑगस्ट २०२३ मध्ये मेट्रो रुबी हॉलपर्यंत गेली आणि माझा प्रश्न सुटला. वनाजला चढते, उतरल्यावर दहा मिनिटं चालते. गाडी आता रविवारी निघते.

*दादर*
जुलै २०१९ मध्ये बेस्टचं किमान भाडं ८ रुपयांवरून ५ झालं तेव्हा आमच्या सोसायटीतल्या धुण्याभांड्याच्या बायका स्टेशनपर्यंत बसने जाऊ लागल्या. त्याआधी पायी जायच्या. मे २०२५ पासून तेच भाडं १० झालं. गाडीवाल्यांना पाच रुपयांनी काही फरक पडत नाही, या बायकांना पडतो. बसचा विचार करताना त्या आधी डोळ्यांसमोर याव्यात, एवढीच कळकळीची विनंती.

*सिंगापूर*
इथे गाडी घ्यायची तर आधी दहा वर्षांचा परवाना लिलावात घ्यावा लागतो, १९९० पासून ही पद्धत आहे. २०२३ मध्ये छोट्या गाडीच्या परवान्याची बोली एक लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेली होती. गाडीची किंमत वेगळी! पण नुसतं महाग करून लोक गाडी सोडत नाहीत. काही रस्त्यांवर सकाळी साडेसात ते रात्री अकरा बसची लेन राखीव असते, रविवार सोडून. मला सगळ्यात आवडते ती थांब्यापुढे रस्त्यावर रंगवलेली पिवळी चौकट. बस थांब्यावरून निघू लागली की मागच्या गाडीने थांबायचं, तसा कायदाच आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोळ्यांवर विश्वास बसला नव्हता.

*शहराचं नाव लिहीत नाही*
मला नाही जमलं. सेकंड शिफ्ट रात्री साडेअकराला सुटते आणि आमच्याकडे शेवटची बस त्याच्या कितीतरी आधी जाते. तीन महिने प्रयत्न केला, शेवटी कर्ज काढून दुचाकी घेतली. रात्रीच्या दोन फेऱ्या सुरू झाल्या तर उद्या विकेन.

*हडपसर*
सिंगापूरची पिवळी चौकट वाचून बाबा आठवले. त्यांनी सत्तावीस वर्षं बस चालवली. घरी आले की क्लचचा पाय गरम पाण्यात ठेवून बसायचे. ते म्हणायचे, बस चालवणं अवघड नाही, थांब्यावरून बाहेर काढणं अवघड. उजवा इंडिकेटर लावायचा, खिडकीतून हात काढायचा, तरी कोणी वाट देत नाही. आत पन्नास माणसं, त्यात कोणाची परीक्षा, कोणाचं बाळ आजारी.
आता स्कूटरवर असताना पुढच्या बसचा उजवा इंडिकेटर लागला की मी थांबते. मागचे हॉर्न वाजवतात. बस निघेपर्यंत मी हलत नाही.